वात्रटिका लिहिताना : सहा-सहा-सहा-चार

शाहीर राम जोशी सोलापूरचे. ढोंगी बैराग्याला त्यांनी विचारलं, ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी’. एका ओळीत चार वेळा ‘टा’. हसू आधी कानाला येतं, अर्थ मागाहून बोचतो. वात्रटिका, म्हणजे छोटी चिमटा काढणारी कविता, लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ मोठ्याने म्हणून पाहावी.

सुरुवातीला मोठ्या अभंगाचा साचा घ्या. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं.

चौकाचौकामध्ये
लागला फलक
हसतो मालक
स्वखर्चाने

आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘मालक’ म्हणतात, म्हणून तो शब्द इथे दुप्पट काम करतो. घाव शेवटच्या चार अक्षरांत आहे. ‘स्वखर्चाने’ पहिल्या चरणात आला असता तर पुढे ऐकण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणूनच आधी शेवटचा चरण लिहावा आणि मग त्याच्याकडे नेणारे तीन.

लोभावर लिहिताना हमखास बिघडतं. हा मसुदा पाहा :

लोभी माणसाचे
भरेना हो पोट
मोजी रोज नोट
रात्रंदिन

अक्षरं बरोबर, पण वात्रटिका मेलेली. ‘लोभी’ म्हणून निकाल पहिल्याच शब्दात दिला. ‘हो’ फक्त सहा भरायला आला. यमकासाठी नोटांची ‘नोट’ झाली. ‘रोज’ म्हटल्यावर ‘रात्रंदिन’ कशाला? आता लोभ हा शब्दच काढून टाका आणि एक चित्र ठेवा :

बाप खाटेवर
मोजतोय श्वास
लेक आसपास
मोजी गुंठे

एकच क्रियापद दोन माणसांना दिलं, बाकी काही सांगावं लागत नाही. इथे पाचवा चरण जोडून ‘असे वागू नये’ म्हणायचा मोह होतो. तो आवराच. उपदेश आला की ऐकणारा स्वतःला सोडून शेजाऱ्याकडे बघू लागतो.

कोणा पुढाऱ्याचं नाव घालू नका. चार महिन्यांत त्या नावाला खुलासा लागतो, खोड मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. कुणाच्या गरिबीवर, जातीवर, शरीरावर तर कधीच नको. ते विडंबन नव्हे, टवाळी आहे.

सोलापुरात समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. संस्कृत शब्दांवरचा श्लेष, म्हणजे एका शब्दाच्या दोन अर्थांचा खेळ, इथे हवेत जातो. चादर, गुंठा, फलक, हुरडा असे रोजच्या वापरातले शब्द मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात.

वाचताना पहिले दोन चरण दोनदा म्हणा, तिसरा एकदाच. मग एक श्वासभर थांबा. शेवटची चार अक्षरं आवाज न चढवता, साध्या बोलण्यासारखी म्हणा, आणि हसू येईपर्यंत पुढच्या कवितेला हात लावू नका.