शरदातलं रालामंडल: आजी-नातवंडांना घेऊन

दसरा झाला की इंदूरच्या आसपास सोयाबीनची कापणी जोरात असते, खंडवा रोडच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात आणि घरातल्या छत्र्या माळ्यावर जातात. दिवाळीची साफसफाई अंगावर येईपर्यंतचे मधले रविवार मी जंगलासाठी राखून ठेवते. यंदा आम्ही रालामंडलला गेलो. सासूबाई, हे, आमची लेक आणि पुण्याहून माहेरपणाला आलेली नणंद, तिच्या मुलासह. सगळ्यांत धाकटं माणूस पहिलीतलं, सगळ्यांत थोरलं सत्तरी ओलांडलेलं. अशा मेळ्याला इंदूरजवळ याहून सोयीचं जंगल मला माहीत नाही.

पातालपाणी, तिंछा या धबधब्यांची नावं आधी सुचतात, आणि त्या जागा सुंदर आहेतच. पण तिथे खडक शेवाळलेले असतात, खाली खोल दरी असते आणि मुलांचा हात क्षणभरही सोडता येत नाही. २०११ च्या जुलैत पातालपाणीला अचानक लोंढा आला आणि सहलीला गेलेली माणसं वाहून गेली, ते इंदूरकर विसरलेले नाहीत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर धबधबा नको, असं माझं स्पष्ट मत आहे. रालामंडलला आहे ती टेकडी, सागाचं रान आणि माथ्यावर होळकरांची शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली वास्तू. १९८९ मध्ये याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम २.३४ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या हिशेबात अगदीच चिमुकलं. पण शहर चारी बाजूंनी वाढत असताना एवढं रान टिकून आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

इंदूरच्या राजवाड्यापासून अंतर साधारण पंधरा किलोमीटर. खंडवा रोडने तेजाजी नगरपर्यंत या, तिथून बायपास धरा. बायपासवर ट्रक भरधाव असतात, म्हणून दुचाकीवर मुलांना पुढे बसवून येऊ नका. निघायचं ते सकाळी. ऑक्टोबरात दिवसाचा पारा बत्तीस-तेहतीसपर्यंत चढतो आणि दहानंतरचं ऊन डोक्यात जातं. पहाटे मात्र वीसच्या खालीही उतरतो, त्यामुळे आजींसाठी एक शाल गाडीत असू द्या. प्रवेशाचं तिकीट लागतं, गाडीचे पैसे वेगळे पडतात. दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून तिथल्या खिडकीवर विचारून घ्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

आत शिरल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, पानगळ सुरू झाली की गं इथे! सगळा साग तपकिरी पडलाय." दिसतं खरं तसंच. पण आपल्याकडे साग पानं टाकतो ते थंडी सरताना, शिशिरात. ऑक्टोबरातला हा तपकिरी रंग एका बोटभरही नसलेल्या अळीचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही अळी सागाच्या पानांवर तुटून पडते. ती शिरा सोडून देते आणि शिरांमधला हिरवा भागच तेवढा खाते, त्यामुळे मागे उरते ती पानाची नाजूक जाळी. जाळी वाळली की तपकिरी होते आणि लांबून अख्खं झाड करपल्यासारखं दिसतं. झाड काही मरत नाही, त्याची वाढ तेवढी मंदावते आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा पालवतं.

मुलांना हे सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही शंभर पावलंसुद्धा पुढे सरकलो नाही. वाटेवर पडलेली पानं उचलून दोघंही सूर्यासमोर धरून बघत होती. "आजी, हिने शिरा का नाही खाल्ल्या गं?" या प्रश्नावर सासूबाई म्हणाल्या, "अरे, तू तरी शेवग्याची शेंग सालासकट खातोस का?" यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग त्यांनीच सागाचं एक कोवळं पान तळहातावर चुरगळून दाखवलं. हात लालभडक झाला. त्यांच्या लहानपणी मुली हीच पानं चोळून हात रंगवायच्या म्हणे. जंगलात माहिती देणारा माणूस बरोबर हवा असं सगळे म्हणतात. तो बहुतेकदा घरातच असतो, त्याला आपल्या चालीने चालू द्यायला हवं.

म्हणूनच पहिला सल्ला हा, की माथा गाठायचं ठरवून जाऊ नका. टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ७८० मीटर उंच आहे आणि इंदूर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे चढ दोनशे मीटरहून थोडा जास्त. तरुण पायांना तो काहीच नाही, पण मुलं कंटाळतात आणि गुडघे बोलू लागतात. वर जायला गाडीची सोय असते. सासूबाईंना हे गाडीने वर घेऊन गेले, आम्ही बाकीचे चालत पोचलो. वर शिकारगाह आहे, वारा आहे आणि समोर पसरलेलं इंदूर. तिथे बसून पाणी प्यायलो आणि उतरायला लागलो.

खरी मजा खालच्या अर्ध्या वाटेवर आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे किड्यांचा हा सुगीचा काळ. झुडपांमध्ये सिग्नेचर स्पायडर नावाच्या कोळ्याची जाळी होती. जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या धाग्यांची नागमोडी वीण आणि तिच्यावर पाय जोडजोडीने पसरून बसलेली मादी. चेहरा जाळ्यात जाऊ नये म्हणून पुढे चालणाऱ्या मोठ्या माणसाने हातात काठी धरावी आणि जाळं दिसलं की ते न मोडता बाजूने जावं. उन्हाच्या तिरिपेत खुळखुळा नावाच्या वाळक्या झुडपावर ब्लू टायगर आणि प्लेन टायगर फुलपाखरं गोळा झाली होती. फुलं संपलेली असताना ती तिथे काय करतात, हे मला फार आवडणारं कोडं आहे. या फुलपाखरांचे नर खुळखुळ्याच्या वाळलेल्या काड्यांतून एक कडू रसायन शोषून घेतात आणि त्यापासून मादीला ओढून घेणारा गंध तयार करतात. शेंगा वाजवून बघायला मुलांना अर्थातच त्याहून जास्त आवडलं.

वाटेच्या कडेला कुर्डू फुललेला होता, गुलाबी-पांढरे तुरे गवतातून वर आलेले. एका दगडावर थिरथिरा पक्षी दिसला, शेपूट सतत थरथरवणारा. हा पाहुणा उत्तरेकडच्या डोंगरांतून येतो आणि ऑक्टोबरात आपल्याकडे उतरू लागतो. दुर्बीण असेल तर जरूर न्या, एकच असली तरी चालेल. पाळीपाळीने बघण्यात मुलं शांत उभी राहतात.

आता काळजीचं. इथे बिबट्याचा वावर आहे, तरस आहे, नीलगाय आहे. घाबरण्याचं कारण नाही, पण शिस्त हवी. मुलं कायम दोन मोठ्यांच्या मध्ये, पुढे पळायचं नाही, ठरलेली वाट सोडायची नाही आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडायचं. गवत अजून उंच असतं, त्यात साप असू शकतो, म्हणून लघवीच्या निमित्तानेसुद्धा मुलाला एकट्याने झुडपाआड पाठवू नका. निघण्यापूर्वी सगळ्यांनी उरकून घ्यावं. पायात बंद बूट आणि पूर्ण लांबीची विजार हवी. लोकरीचे किंवा जाळीचे मोजे घालून आलात तर कुसळं आणि आघाडा काढण्यात संध्याकाळ जाईल. साधे, घट्ट विणीचे सुती मोजे बरे. फ्रॉक आणि सँडल हा वेष फोटोत छान दिसतो, इथे त्रास देतो.

अभयारण्यातून काहीही घरी न्यायचं नाही. पान, पीस, बी, सीताफळ, काहीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फाटकाशी रडारड होते. आमच्या लेकीला वहीत चिकटवायला जाळीचं पान हवं होतं. तिने त्याऐवजी तिथेच बसून पेन्सिलीने चित्र काढलं. वही आणि पेन्सिल बरोबर घ्या, हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला.

खाण्याचं म्हणाल तर आत डबे उघडू नयेत, माकडं लगेच हजर होतात. माणशी लिटरभर पाणी आणि खिशात राजगिऱ्याची वडी एवढं पुरतं. वडीचा कागद परत खिशातच. घरात ओला-सुका कचरा इतक्या निगुतीने वेगळा करणाऱ्या इंदूरकरांनी जंगलात वेष्टनं टाकावीत, हे बघवत नाही. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी गाडीत ठेवली होती. ती बाहेर आल्यावर खाल्ली, आणि तरी परतताना पोह्यांच्या गाडीशी थांबलोच. गरम पोहे, वर जिरावण मसाला आणि शेव. चालून आल्यावर ते जास्तच गोड लागतात.

सीताफळं घ्यायची असतील तर खंडवा रोडवर घ्या. पूर्ण पिकलेली घरी पोचेपर्यंत फुटतात. डोळे उघडलेली पण हाताला कडक लागणारी निवडा, दोन दिवसांत पिकतील. दिवाळीनंतर यायचं झालं तरी हरकत नाही. जाळीची पानं आणि थिरथिरा तेव्हाही असतात, फुलपाखरं मात्र थंडी वाढेल तशी कमी होत जातात. मुलांना ती दाखवायची असतील तर सहामाही परीक्षा संपल्यावरचा पहिला रविवार गाठा.