ओकोलीचा परिच्छेद

आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीत प्रयोगशाळेला लागून एक लांबट खोली होती. पावसाळ्यात तिच्या कौलांतून दोन ठिकाणी पाणी ठिबकायचं. त्या दोन जागा सोडून आम्ही बाकं लावायचो. १९८६ च्या जूनपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, दर शनिवारी शाळा सुटल्यावर, अकरावीतले आम्ही चौदा जण त्या खोलीत बसून एक आफ्रिकी कादंबरी वाचत होतो. बोर्डाच्या अभ्यासक्रमात ती नव्हती आणि तिच्यावर एकही मार्क नव्हता. तरी अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीचे सामने सगळं मागे राहिलं आणि ती खोलीच डोळ्यांपुढे आली.

इंग्रजीच्या बाई आपल्या शाळेत आल्या त्याआधी सहा वर्षं नायजेरियात होत्या. नायजर नदीकाठच्या ओनित्शा शहराजवळ एका माध्यमिक शाळेत त्या शिकवत. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशावर त्या देशात भराभर शाळा निघाल्या, शिक्षक पुरेनात, तेव्हा भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. पुढे तेलाचे भाव उतरले, पगार रखडू लागले, तशी त्यातली बरीच मंडळी परतली. बाईंनी येताना जे थोडं सामान आणलं त्यात नारिंगी वेष्टनाचं, जेमतेम दीडशे पानांचं एक पुस्तक होतं. चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट'.

प्रत एकच. बाई वाचत, अडेल तिथे मराठीत सांगत, आणि आठवड्याला एक प्रकरण आम्ही आळीपाळीनं वहीत उतरवून घेत असू. हात दुखतो म्हणून कुणीतरी कुरकुर केली तेव्हा बाईंनी अचेबेंची गोष्ट सांगितली. लागोसमध्ये रेडिओत नोकरी करत असताना त्यांनी ही कादंबरी हातानं लिहिली आणि टंकलेखनासाठी एकुलती एक प्रत लंडनला एका कंपनीकडे पाठवून दिली. पैसे पोचले, पण हस्तलिखित महिनोन् महिने कोपऱ्यात धूळ खात पडलं. त्यांच्या वरिष्ठ बाई रजेवर इंग्लंडला गेल्या, स्वतः त्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे काम झालं. १९५८ साली पुस्तक निघालं ते दोन हजार प्रतींचं. नायजेरिया स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती. "ती प्रत हरवली असती तर आज आपण इथं काय वाचत बसलो असतो?" बाई म्हणाल्या. पुन्हा कुरकुर झाली नाही.

गोष्ट नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या उमुओफिया गावची, गोरे लोक तिथे पोचण्याच्या सुमाराची. ओकोंक्वो हा कर्तबगार गडी. तरुणपणी नावाजलेल्या मल्लाला चीतपट करून त्यानं नाव कमावलं. बाप उनोका मात्र बासरीत रमणारा आणि सदा कर्जात. दोनशे कवड्यांची उधारी मागायला शेजारी येतो तेव्हा उनोका हसत भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे खडूच्या रेघांचे गट काढलेले असतात, एकेक रेघ शंभर कवड्यांची. आधी मोठी देणी फेडीन, मग तुझं, असं त्याचं उत्तर. बापासारखं व्हायचं नाही, हीच ओकोंक्वोच्या जिवाला लागलेली भीती. पुढचं सगळं त्या भीतीतून येतं.

कवड्यांपाशी बाई बराच वेळ थांबल्या. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या व्यापारी गलबतांतून पश्चिम आफ्रिकेपर्यंत जात आणि तिथे नाणं म्हणून चालत. आपण ज्याला फुटक्या कवडीचीही किंमत नाही म्हणतो ती कवडी आणि उनोकाच्या भिंतीवरची कवडी एकाच समुद्रातली, हे ऐकून मला केवढं नवल वाटलं होतं!

याम म्हणजे काय हे सांगायला बाई एका शनिवारी पिशवीतून मोठं कोनफळ घेऊन आल्या. मग त्यांना काही सांगावंच लागलं नाही. डोळा राखून कंद कापायचा, मातीचा उंचवटा करून लावायचा, वेलाला काठीचा आधार द्यायचा, हे सगळं आमच्या परसात होत होतं. ओकोंक्वो एका धनवान माणसाकडे लावणीसाठी कंद मागायला जातो, तो माणूस त्याला आठशे देतो, आणि पिकातला जेमतेम तिसरा हिस्सा ओकोंक्वोच्या पदरी पडणार असतो. अर्धेल आणि खंड ऐकत वाढलेल्या कोकणातल्या पोरांना हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्याच वर्षी आधी पाऊस ओढ देतो आणि मग थांबायचं नाव घेत नाही, हेही नाही. मुलींनी मात्र एका जागी बाईंना अडवलं. याम हे पुरुषाचं पीक आणि अळूचे कंद, घेवडे, कसावा ही बायकांची पिकं, असं तिथे लिहिलंय. "बाई, आमच्याकडे सगळी लावणी बायकाच करतात, मग भात कोणाचं पीक?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न घरी जाऊन विचारा.

शब्दांवरून आमचे वाद व्हायचे, आणि इंग्रजी मला खरं तर त्या वादांतच समजू लागलं. 'ची' म्हणजे प्रत्येक माणसाचा स्वतःचा देव. ह्या इग्बो शब्दाला मराठी काय म्हणावं? कुणी नशीब म्हणालं, कुणी सटवाईचा लेख. बाईंना सटवाई आवडली, पण पुरती पटली नाही. त्यांनी ऐकवलेली इग्बो म्हण अशी, की माणूस हो म्हणाला की त्याची चीसुद्धा हो म्हणते. सटवाईला हो म्हणायला लावणं कुणाच्या हातात नाही. शेवटी आम्ही 'ची'ला 'ची'च ठेवलं. शीर्षकाचं तसंच. 'घडी विस्कटली', 'वीण उसवली' असे बरेच पर्याय फळ्यावर लिहिले गेले. शीर्षकाचे मूळ इंग्रजी शब्द अचेबेंनी येट्स या आयरिश कवीच्या कवितेतून घेतलेत. पण कादंबरीत ओकोंक्वोचा मित्र ओबिएरिका सांगतो, की आपल्याला बांधून ठेवणाऱ्या गोष्टींवर गोऱ्या माणसानं सुरी चालवली. उसवणं त्या सुरीच्या जवळचं आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

सातवं प्रकरण आम्ही श्रावणात वाचलं. इकेमेफुना हा दुसऱ्या गावानं खुनाची भरपाई म्हणून दिलेला मुलगा. तीन वर्षं तो ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाबा म्हणू लागतो. मग देवाचा कौल येतो की त्याला मारायचं. गावातला एक वृद्ध ओकोंक्वोला बजावून जातो, पोरगा तुला बाप मानतो, त्यात तुझा हात नसू दे. तरी ओकोंक्वो बरोबर जातो. पहिला घाव बसल्यावर मुलगा धावत येतो तो त्याच्याकडेच, आणि लोक आपल्याला भेकड म्हणतील या भीतीनं ओकोंक्वो कोयता उपसतो. बाईंनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परत आले ते कायमचे. मोडलेला माणूस घरात कसा वावरतो ते मी चार वर्षं बघत होतो. ते रडले नाहीत कधी, ओरडत मात्र असत, आणि हातही उगारत. ओकोंक्वोचा थोरला मुलगा न्वोये इकेमेफुनाच्या मृत्यूनंतर आतून तुटतो आणि पुढे बापाला सोडून मिशनऱ्यांकडे जातो. त्या रात्री मला न्वोयेचं सगळं समजलं, आणि प्रथमच थोडं वडिलांचंही.

आता ज्या शनिवारासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो.

माझ्या बाकावर बसणारा मित्र बौद्धवाडीतून यायचा. वर्गात फार बोलायचा नाही, पण वहीत उतरवून घेण्याचं काम सर्वांत नेटकं त्याचंच. तोवर आम्ही सगळे एका सुरात उमुओफियाच्या बाजूचे झालो होतो. किती सुंदर गाव, किती नेमकी रीतभात, नव्या यामचा सण, पाहुण्यापुढे कोला नावाचं बी फोडायची पद्धत, आणि इंग्रजांनी येऊन ते मोडलं. मग अठरावं प्रकरण आलं. त्यात ओसू येतात. देवाला वाहिलेली ही माणसं, त्यांच्या मुलाबाळांसकट. ओसू नसलेल्या घरांशी त्यांचं लग्न होत नाही, सभेत त्यांना जागा नाही, केसाला वस्तरा लावायची मुभा नाही, मेल्यावर पुरायचं तेही अभद्र रानात. म्बांता गावच्या नव्या चर्चमध्ये असे दोघं जण येतात, तेव्हा आधी आलेले ख्रिस्तीच त्यांना बसू द्यायला तयार नसतात. कियागा नावाचा इग्बो धर्मोपदेशक ठाम राहतो. त्यांना आत घेतो, आणि गुलामीची खूण असलेले ते वाढलेले केस कापायला सांगतो.

मित्र उभा राहिला. त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "बाई, आपण म्हणतोय गाव मोडलं. ह्या दोघांचं काय मोडलं?"

खोलीत फक्त पाणी ठिबकत होतं. आमच्यातल्या एकानं, बहुधा मीच, म्हटलं की पण बाहेरच्यांनी येऊन मोडलं ना. तो म्हणाला, "बाहेरचे आले म्हणून हे बसले तरी. नाहीतर कुठं बसणार होते?" बाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं नाही. त्यांनी पुढे बोलू दिलं. त्यानं विचारलं, "आणि ह्यांची नावं काय?"

बाई पानं चाळू लागल्या. पुढच्याच मजकुरात एक नाव सापडलं: ओकोली. गावच्या पवित्र अजगराला त्यानं मारलं असा बोभाटा होतो. त्यानं ते नाकारलेलं असतं. मारताना पाहणारा कुणीही नसतो. तो आजारी पडतो आणि मरतो, आणि गाव म्हणतं, देव आपली लढाई आपणच लढतात. बस, एवढंच. दुसऱ्याचं नाव मिळालं नाही.

ते तिथे राहिलं. शेवटचं प्रकरण फेब्रुवारीत झालं. ओकोंक्वो गळफास घेतो. आत्महत्या केलेल्याला त्याच्या माणसांनी शिवायचं नाही ही रीत, म्हणून ओबिएरिकाला आपल्या मित्राचं शव उतरवायला जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाची माणसं मागावी लागतात. साहेब मनात म्हणतो, ह्या माणसाची हकिकत मी लिहीत असलेल्या पुस्तकात बरी दिसेल, एक प्रकरण नाही तरी एक परिच्छेद नक्की. त्या साहेबाच्या पुस्तकाचं नाव नायजरच्या खालच्या अंगाच्या रानटी जमातींना शांत करण्याबद्दलचं आहे. तिथे कादंबरी संपते. बाई सांगू लागल्या, की म्हणून अचेबेंनी ओकोंक्वोला अख्खं पुस्तक दिलं, साहेबाच्या परिच्छेदाला हे उत्तर आहे. आम्ही भारावून ऐकत होतो.

"पण बाई," मित्र बसल्या जागेवरून म्हणाला, "ओकोलीला परिच्छेदच मिळाला की."

बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पेन काढून पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं. मी तो कोपऱ्यातला मजकूर नंतर पाहिला आहे. वाक्याखाली कंसात त्याचं नाव होतं.

हे वाक्य अचेबेंच्या विरोधात नव्हतं, हे मला नीट सांगायचं आहे. स्वतःच्याच समाजाचं अंग त्यांनी झाकलं नाही म्हणून तर ओकोली आमच्यापर्यंत आला. जुळी मुलं रानात टाकून देण्याची रीत, ओसूंचं जिणं, सगळं त्यांनी लिहिलं. त्यांचे वडील स्वतः मिशनचे धर्मोपदेशक होते. जुनं गाव आणि नवं चर्च ही दोन्ही घरं अचेबेंनी आतून पाहिली होती. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि आमच्या वर्गातला एक मुलगा त्या दारातून आत गेला. इतक्या वर्षांत ह्या कादंबरीवर मी बरंच वाचलं, पण त्या वाक्याइतकं नेमकं मला काही सापडलं नाही.

मी पुढे महसूल खात्यात तीस वर्षं काढली. दरडी, पूर, झाडाला लटकलेला माणूस, विहिरीत सापडलेली बाई, असले पंचनामे माझ्या हातून लिहून झाले. पंचनाम्यात माणसाला एक परिच्छेद मिळतो. खाली सही करताना मला बहुतेक वेळा ती ठिबकणारी खोली आठवली आहे. नमुन्यात जागा नसली तरी नावाच्या पुढे मयत काय काम करत होता, कुणाला काय म्हणत होता, एवढं तरी मी विचारत आलो.

तो वर्ग संपताना बाईंनी आम्हाला एकच गृहपाठ दिला होता. आपल्या गावातल्या, ज्याला एक परिच्छेदही मिळालेला नाही अशा माणसावर लिहा. बहुतेकांनी दोन-तीन पानं लिहिली. मी आमच्या वाडीतल्या सुईणीवर लिहिलं, ते बेताचंच होतं. मित्रानं अकरा पानं लिहिली, आजोबांवर. ते आपल्या भागातून पायी महाडला गेले होते आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागून चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांत होते. परत आल्यावर गावानं त्यांचं काम तोडलं. पुढची चार वर्षं घर कसं चाललं, आजीनं काय विकलं, कोणत्या घरानं रात्री गुपचूप भात पोचवला, हे सगळं त्या अकरा पानांत आहे. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

ती पानं त्या वर्षीच्या आपल्या हस्तलिखित अंकात शिवलेली आहेत. गेल्या महिन्यात मी शाळेत आलो तेव्हा ग्रंथपालांच्या परवानगीनं कपाट उघडून खात्री केली. कडा वाळवीनं थोड्या खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे. संपादक मंडळाला माझी विनंती आहे, की माझ्या मनोगताला जागा कमी पडली तरी चालेल, पण ती अकरा पानं ह्या स्मरणिकेत पूर्ण छापावीत. मित्र आता ठाण्याला असतो. फोनवर मी त्याची परवानगी घेतली आहे. त्याची अट एकच आहे, पहिली ओळ बदलायची नाही. त्या ओळीत दुसरं काही नाही. फक्त आजोबांचं संपूर्ण नाव आहे, मग त्यांच्या वडिलांचं, आणि मग गावाचं.