जेरी ऑरबाखचे डोळे

न्यूयॉर्कच्या नेत्रपेढीत माझी रात्रपाळी होती. मृत्यूची खबर रुग्णालयाकडून आली की घरच्यांना फोन करून नेत्रदानाबद्दल विचारायचं, हे माझं काम. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा, काही तासांतच काढावा लागतो, म्हणून दुःख ताजं असतानाच विचारावं लागतं. इतक्या वर्षांनीही नंबर लावताना माझा घसा कोरडा पडतो.

त्या रात्रीचे गृहस्थ 71 वर्षांचे, प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले. त्यांच्या पत्नीने एकच विचारलं, "कॅन्सर झालेल्या माणसाचे डोळे कोण घेणार?"

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. रक्ताचे आणि डोळ्यांतले काही कॅन्सर सोडले तर दान करता येतं, हे मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसेना. मग मी नट जेरी ऑरबाखचं नाव घेतलं. आजार हाच. 28 डिसेंबर 2004 ला, 69व्या वर्षी तो गेला आणि त्याच्या डोळ्यांमुळे दोन न्यूयॉर्ककरांना दृष्टी मिळाली.

पलीकडे शांतता. मग, "आमचा बिली फ्लिन?"

मला वाटलं होतं, त्या लेनी ब्रिस्को म्हणतील. 'लॉ अँड ऑर्डर' या टीव्ही मालिकेत 1992 ते 2004 पर्यंत ऑरबाखने रंगवलेला तो डिटेक्टिव्ह या शहराला घरचाच वाटतो, आणि मला ऑरबाख तेवढाच ठाऊक होता. बाईंनी मला त्याची रंगभूमी सांगितली. 1975 मध्ये 'शिकागो' या संगीत नाटकाच्या मूळ संचात तो वकील बिली फ्लिन होता. या दोघांचं नुकतंच लग्न झालेलं, तिकिटं सगळ्यात वरच्या बाल्कनीची. चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज शेजारी बसून बोलावं तसा येत होता, म्हणाल्या. त्याआधी 1960 साली 'द फँटास्टिक्स'मधला एल गायो त्याचाच, 1969 चा रंगभूमीचा टोनी पुरस्कार 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस'साठी.

मग 25 ऑगस्ट 1980 ची रात्र. 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'चा पहिला प्रयोग, टाळ्यांचा कडकडाट, आणि निर्मात्याने रंगमंचावर येऊन सांगितलं की दिग्दर्शक गॉवर चॅम्पियन आजच गेले. सगळे नट जागच्या जागी थिजले. तेव्हा पडदा पाडायला सांगितलं ते ऑरबाखने. बाईंनी हे पेपरात वाचलं होतं आणि नवऱ्याशी कितीदा तरी बोलल्या होत्या.

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. घड्याळ पुढे सरकत होतं, तरी घाई करावीशी वाटेना. वीसेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "यांना मात्र तो लेनी म्हणूनच आवडायचा. लिहा, होकार आहे."

संमती रेकॉर्ड केली, आजारांची लांबलचक प्रश्नावली भरली. पहाटे सहकारी डोळे घेऊन आला. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही कॉर्निया स्वच्छ दिसले, पेशींची मोजणीही चांगली आली.

काही आठवड्यांनी कळवायला फोन केला. "दोघांना मिळाले?" त्यांनी विचारलं.

"हो, दोघांना."

"जेरीसारखंच," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ फोन तसाच धरून राहिलो.