येताना कुणाकुणाला काय आणू?

आई मे महिन्यात पहिल्यांदा जर्मनीत, माझ्याकडं लाइपझिगला येतेय. व्हिसा झाला, तिकीट झालं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी साताऱ्याहून एकच प्रश्न येतो, "येताना कुणाकुणाला काय आणू?"

उत्तर तिनं मनात ठरवलेलंच होतं. कंदी पेढे, दोन किलो. मला सांगावं लागलं की भारतातून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. ती गप्पच झाली. साताऱ्याहून निघायचं आणि पेढ्यांशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं, हे तिला पटेना. मग म्हणाली, "बरं. तू मला माणसं सांग. माणसं कळली की काय आणायचं ते माझं मी बघते."

म्हणून ही माणसं. नऊ वर्षांत मला इथे मिळालेली. नावं लिहीत नाही. आपलं नाव असं चारचौघांत आलेलं त्यांना रुचणार नाही.

आधी एक सांगते, नाहीतर आईला पुढचं कळायचं नाही. जर्मन माणूस 'फ्रॉइंडिन', म्हणजे मैत्रीण, हा शब्द फार जपून वापरतो. दहा वर्षं शेजारच्या टेबलाशी बसणारी बाईसुद्धा 'बेकान्टे', म्हणजे नुसती ओळखीची असू शकते. पहिल्या वर्षी मला याचं फार वाईट वाटायचं. आपल्याकडं एसटीत शेजारी बसलेली बाई उतरेपर्यंत मावशी झालेली असते. इथे तसं होत नाही. इथे वार आणि वेळ ठरलेली असते आणि तुम्ही त्या वाराला, त्या वेळेला, न चुकता जात राहायचं असतं. मला मिळालेलं प्रत्येक माणूस असं वेळापत्रकातून मिळालंय.

पहिली मिळाली ती भाषेच्या वर्गात. सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेआठ. परदेशातून आलेल्यांसाठी इथे जो सरकारी अभ्यासक्रम असतो त्यात ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे. माझ्या बाकावर सीरियातल्या अलेप्पोची एक मुलगी होती. तिकडे औषधशास्त्र शिकलेली, स्वतःच्या काउंटरवर उभी राहिलेली. तिला मराठी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं, इंग्रजी तिला नको वाटायचं. दोघींमध्ये होतं ते मोडकं जर्मन, आणि दोघींचं सारखंच मोडकं. त्यात एक मोठा आराम होता. चुकलं तर हसायला वरचढ कुणीच नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती आणि मला मधूनच 'दुकान' ऐकू आलं. मग 'हिसाब'. फोन ठेवल्यावर मी विचारलं. त्या दिवशी आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली. तारीख, वकील, हवा, सवाल, जबाब, बाकी, हजर, कलम, दुनिया, खलास. कुलूप तिच्याकडं 'कुफ्ल' होतं. 'फक्त' तिच्याकडंही 'फकत' निघालं, अर्थासकट, आणि त्या दिवशी तर आम्ही वर्गात बसल्या बसल्या एकमेकींना चिमटे काढले. शतकांपूर्वी फारसीचं बोट धरून मराठीत आलेले हे शब्द दप्तरातून, बखरींतून मुरत मुरत माझ्या आजीच्या तोंडी आले होते, आणि आता लाइपझिगमध्ये एका मोडक्या बाकावर आपल्या माहेरच्या माणसाला भेटत होते. मला तसंच वाटलं, अजूनही वाटतं.

त्या यादीत एक शब्द असा निघाला की आम्ही दोघी थबकलो. गरीब. मी पैसे नसलेला माणूस करून दाखवला. तिनं मान हलवली. तिच्या भाषेत 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी, आपल्या गावात नसलेला. मग तिनं खिडकीबाहेर बोट केलं, माझ्याकडं केलं, स्वतःकडं केलं. मी त्या शब्दाखाली रेघ मारून ठेवली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

अभ्यासक्रमाच्या शेवटी देशाच्या माहितीची परीक्षा असते. ३०० प्रश्न सगळ्या देशाचे, १० आपल्या राज्याचे. त्यातले ३३ येतात, १५ बरोबर आले की पास. आम्ही ते सगळे ट्राममध्ये एकमेकींना विचारून पाठ केले. बर्लिनची भिंत कधी बांधली? १९६१. आम्ही दोघी पास झालो, पण तिची खरी वाट पुढेच होती. औषधविक्रीच्या परवान्यासाठी व्यवसायाच्या भाषेची परीक्षा वेगळी, ज्ञानाची वेगळी. बाळ पोटात असताना ती रात्री दोनपर्यंत वाचायची. आज ती इथल्या एका औषधाच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी असते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाला रात्री ताप चढला. इथे रात्रपाळी आळीपाळीनं एकेका दुकानाकडं असते. दार बंद असतं, घंटी वाजवली की छोटी खिडकी उघडते. त्या रात्री पाळी तिच्या दुकानाची होती. खिडकी उघडली. तिनं आधी अगदी नियमाप्रमाणे, अहो-जाहो करत, मुलाचं वय विचारलं, वजन विचारलं, किती तासांनी किती द्यायचं ते बाटलीवर लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा गाल धरला. "खलास," म्हणाली. "आता रडायचं नाही."

तिच्या धाकटीसाठी आई दुपटं शिवतेय. जुन्या सुती साड्यांचं.

मंगळवारी साडेसातला आमचा गायनवर्ग असतो. हौशी लोकांचा समूह, चाळीसएक जण. बाख या जर्मन संगीतकारानं आयुष्यातली शेवटची सत्तावीस वर्षं, १७२३ ते १७५०, याच शहरात काढली, त्यामुळे इथे नाताळ आला की गल्लोगल्ली त्याचं ख्रिसमस ओराटोरियो, म्हणजे येशूच्या जन्माची गाऊन सांगितलेली कथा, उभं राहतं. १७३४ च्या नाताळात ते पहिल्यांदा इथल्याच दोन चर्चमध्ये गायलं गेलं. माझ्या शेजारी जी बसते ती दिवसा ट्राम चालवते. गावाकडं भजनी मंडळात गाताना श्वास कुठं घ्यायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण म्हणत जातो, पाठीमागचे सांभाळून घेतात. हिनं पहिल्याच आठवड्यात माझ्या स्वरलिपीत पेन्सिलनं बारीक स्वल्पविराम काढून दिले, श्वासाच्या जागा. अजूनही नवं काही बसवायला घेतलं की आधी माझी वही ती ओढून घेते. तिला खणाच्या कापडाचं वहीचं वेष्टण. ते आईनं लगेच ठरवलं.

आता ऑफिसातला माझा मित्र. याच्याबद्दल आईला सगळं माहीत आहे आणि तरी तिला ते पुन्हा ऐकायचं असतं.

आम्ही मोजमापाची यंत्रं तपासतो. तो माझ्याहून बराच मोठा, लाइपझिगचाच, जुन्या पूर्व जर्मनीतला. साडेअकरा वाजले की डबा घेऊन उठतो आणि जो दिसेल त्याला 'माल्झाइट' म्हणतो. जेवणाच्या वेळेचा हा इथला रामराम. दोन वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. जर्मनमध्येही आपल्यासारखंच आहे, 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. पण तुम्हीवरून तूवर यायचं तर वडीलधाऱ्यानं रीतसर विचारावं लागतं. एका शुक्रवारी त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं, उठून उभा राहिला, हात पुढे केला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. दोन वर्षं मला माहीत असलेलं नाव. मीही उभी राहून माझं सांगितलं. त्या दिवसापासून अरे-तुरे.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाबा गेले. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रँकफर्टहून होतं, आणि नेमक्या त्या दिवशी रेल्वेगाड्या बंद होत्या. मी ऑफिसात फक्त येणार नाही एवढं कळवायला फोन केला होता. त्यानं विमानाची वेळ विचारली. म्हणाला, "साडेतीनला तुझ्या दाराशी असेन." फ्रँकफर्ट इथून जवळजवळ ४०० किलोमीटर आहे.

साडेतीनला तो होता. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाही. मागच्या सीटवर उशी आणि पांघरूण ठेवलं होतं, पुढे एका डब्यात चीज लावलेले पाव आणि दोन उकडलेली अंडी. मी मागे बसले नाही, त्याच्या शेजारीच बसले. दोन तास तसेच गेले. मग आयझेनाख मागे पडल्यावर, अंधारातच, त्यानं गाडी थोडी सावकाश केली.

"इथे सीमा होती," म्हणाला.

पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली. रस्त्यावर काहीच दिसत नव्हतं. एक पाटी गेली, एक चढ गेला. वीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं ही जागा ओलांडली नव्हती. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी लाइपझिगच्या रिंग रस्त्यावर पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध ७०,००० माणसं चालली, त्यात तो होता. गोळीबार होईल असं सगळ्यांना वाटत होतं. रुग्णालयांत जादा रक्ताची सोय केलीय असं लोक बोलत होते. त्याच्या आईनं त्याला दारात अडवलं आणि मग बाजूला झाली. गोळीबार झाला नाही. बरोबर महिन्यानं भिंत पडली. "माझे वडील शहाऐंशीत गेले," तो म्हणाला. "ही जागा त्यांनी कधी बघितलीच नाही. मी पहिल्यांदा इथून गेलो तेव्हा गाडी थांबवून उतरलो होतो."

ट्राममध्ये पाठ केलेलं १९६१ मला तेव्हा आठवलं. त्या सालाच्या एका टोकाला एक बाप होता, आणि त्याच्याबद्दल मला माझ्या बापाच्या जाण्याच्या रात्री कळत होतं. तिथे मी पहिल्यांदा रडले. त्यानं काच थोडी खाली केली आणि गाडी चालवत राहिला.

विमानतळावर बॅग उतरवून दिली, हात हलवला आणि परत ४०० किलोमीटर जाऊन दुपारी कामावर हजर झाला. हे मला महिन्यानंतर दुसऱ्याकडून कळलं.

त्याला शेंगदाण्याची चटणी. काळ्या पावावर लोणी लावून तो ती खातो. मागच्या खेपेची बाटली त्यानं दोन महिने पुरवली. "उखळातलीच करते," आई म्हणाली, "मिक्सरची त्याला द्यायची नाही."

राहिल्या आजी.

लाइपझिगमध्ये ठिकठिकाणी छोट्या छोट्या भाड्याच्या बागा आहेत. या बागांच्या चळवळीचं एक उगमस्थानच हे शहर. १८६४ मध्ये इथे एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून मंडळ काढलं आणि श्रेबर नावाच्या दिवंगत डॉक्टरांचं नाव त्याला दिलं. मैदानाच्या कडेनं मुलांसाठी वाफे केले, मुलं कंटाळली, आईबापांनी वाफे हातात घेतले आणि भाजी लावली. आजही या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात. कायदा मात्र कडक आहे. बाग ४०० चौरस मीटरहून मोठी नको, खोपटं २४ चौरस मीटरच्या आत, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत.

आमची बाग मिळाली त्या आठवड्यात शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाई घडीची मोजपट्टी घेऊन आल्या आणि माझं कुंपण मोजलं. चार बोटं उंच होतं. मी कापलं. पुढच्या शनिवारी त्या रूबार्बचा केक घेऊन आल्या आणि माझे वाफे बघत उभ्या राहिल्या. मी मेथी लावली होती. त्यांनी पान चुरगाळून वास घेतला, नाव विचारलं. जर्मनमध्ये मेथीला 'बोक्सहॉर्नक्ले' म्हणतात, बोकडाच्या शिंगाचं गवत. शेंग बघितलीत तर पटेल. आता त्या दर वर्षी दोन जुड्या हक्कानं नेतात आणि बटाट्यात घालतात.

मी त्यांना मनात आजी म्हणते. तोंडानं अजून अहो-जाहोच आहे, आणि ते तसंच बरं वाटतं. एप्रिलमध्ये इथल्या नदीकाठच्या जंगलात रानलसूण उगवते, सगळं रान लसणीच्या फोडणीसारखं वास मारतं. तिचं पान आणि विषारी घंटीफुलाचं पान जवळजवळ सारखं दिसतं. एकेक पान वेगळं तोडून हुंगायचं, हे आजींनी मला हात धरून शिकवलं.

त्या तरुणपणी इथल्या सूतगिरणीत होत्या. १८८४ मध्ये उभी राहिलेली ती गिरणी एके काळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांत होती. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. दिवाळीला मी सुती साडी नेसून बागेत गेले होते. आजींनी पदर हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळला. डोळे मिटले. "चांगलं सूत आहे," म्हणाल्या. "बारीक. हे विणणाऱ्या बाईला घाई नव्हती." बाकी साडीच्या रंगाबद्दल, काठाबद्दल एक शब्द नाही.

त्यांना काय आणायचं हे आईला सुचेना. मी आजींनाच विचारलं. म्हणाल्या, काही नको, आईला जुने कपडे आणायला सांग, रोपं लावायची आहेत. इथे ११ ते १५ मे हे 'बर्फाचे संत' मानतात. पाच दिवस, पाच संतांचे. शेवटची सोफी. तिचा दिवस होईपर्यंत टोमॅटो उघड्यावर लावायचे नाहीत, एका रात्रीच्या गोठलेल्या दवानं जातात. आईचं विमान १२ ला उतरतं. आजींची रोपं सोफीची वाट बघत खिडकीत उभी असतील.

हे मी काल फोनवर सांगितलं. आईनं क्षणभरही विचार केला नाही. "म्हणजे आपलं मृग," म्हणाली. "मृग लागल्याबिगर पेरायचं नाही, तसंच की." मग फोन तसाच ठेवून आत गेली. परत आली तेव्हा आवाजात पेढ्यांचं दुःख नव्हतं.

"त्यांच्याकडं खुरपं असतं का गं?"

नसतं. आजी हातकुदळीनं तण काढतात, तीन दात्यांच्या.

लोहाराकडं नवं सांगितलंय, लाकडी मुठीचं. धार थोडी कमी ठेवायला सांगितलीय, त्यांचे हात आता ऐंशीचे आहेत म्हणून. ते मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून चालतं का, तेवढं मला आज एअरलाइनला विचारून तिला कळवायचंय.