आमची वाटचाल : पत्र्याकडून प्लास्टिककडे

आमचं मूळ काम डेंटिंग-पेंटिंगचं. डॅशबोर्डच्या पट्ट्या, दारांची ट्रिम, गिअरभोवतीचा कन्सोल ही कामं आधी जोडीला यायची, पुढे तीच मुख्य झाली. पत्र्यावर पेंट रिमूव्हर फासला की जुना रंग फुगून सुटतो. प्लास्टिकवर ही सोय नाही. मेथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर रंगासोबत एबीएसही (गाडीच्या आतल्या भागांचं एक कडक प्लास्टिक) विरघळवतो आणि एनसी थिनरनं (रंग पातळ करायच्या द्रावणानं) पृष्ठभाग चिकट होतो. म्हणून रंग काढण्याची पद्धत मुळापासून नव्यानं बसवावी लागली.

आता कोणताही भाग आला की आधी उलटा करतो. मागे बाणांच्या खुणांमध्ये प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं: एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) वगैरे. खूण नसेल तर झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा बोळा टेकवतो. एबीएस लगेच मऊ पडतं, पीपी ढिम्म राहतं. पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती सांगितली जाते, पण तिच्यावर आम्ही विसंबत नाही. साधं पीपी तरंगतं खरं, मात्र २० टक्के टाल्क (खनिजाची भुकटी) भरलेलं पीपी एबीएससारखंच बुडतं, आणि गाड्यांत ते भरपूर वापरलेलं असतं.

मग धुणं. घासण्याच्या आधी, नंतर नव्हे. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर घासायचा पेपर ते ओरखड्यांत दाबून बसवतो आणि नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रश. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका कापडानं लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपायचं. एकाच कापडानं पुसलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं.

ग्राहकाला वाटतं, सगळा रंग मुळापर्यंत काढलाच पाहिजे. बहुतेक वेळा गरज नसते. ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या, चांगली टेप दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. चौकोन जागेवर राहिले तर जुना रंग हाच उत्तम पाया. ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं चमक मारली की पुरे. पापुद्रे टेपला चिकटून आले तरच खरं काम सुरू होतं.

सर्वांत जास्त येतो तो चिकट झालेला सॉफ्ट-टच, म्हणजे हाताला मऊ लागणारा, थर. ते पॉलियुरेथेन असतं. उष्णता आणि दमटपणामुळे त्याची साखळी तुटते आणि बोटांना काळं लागतं. तो पेपरनं घासू नका, पेपर भरून जातो. अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू अंथरायचा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग प्लास्टिकच्या खरवडणीनं ढकलायचं. थर सायीसारखा गोळा होतो. खालचं प्लास्टिक पुष्कळदा मुळातच काळं आणि सुबक निघतं. तेव्हा रंग देऊच नका, असं आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

कडक रंग मात्र हातानंच घासावा लागतो. जाड थराला ३२०, मग ४००, शेवटी ६००, सगळं पाण्यासोबत. मशीन जोरात फिरवलं की घर्षणानं एबीएस मऊ होतं आणि रंगाच्या गुठळ्या पेपरवर बसतात. हीट गन तर नकोच. साधारण शंभर अंशांच्या आसपास एबीएस आकार सोडतं आणि गनची हवा त्याहून कितीतरी गरम असते. पीपीची अडचण वेगळी: घासल्यावर बारीक तूस उठते, ती रंगाखाली उठून दिसते. टेक्श्चर असलेल्या भागावर पेपर चालवला तर दाणा कायमचा गेला. तिथे नायलॉन ब्रश आणि अल्कोहोलच. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवण्याचा जुगाड आम्ही टाळतो, कारण ते स्क्रूच्या भोकांत मुरतं आणि पुढे नव्या रंगाखालून बाहेर येतं.

द्रावण लागलेला भाग रात्रभर हवेशीर सुकू द्यावा. मुरलेलं द्रावण नंतर फुगे काढतं. एबीएसला प्लास्टिकचा प्रायमर चालतो, पण उघड्या पीपीवर आधी ॲढेशन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, हवाच. तो वगळला की नखानं रंग सोलून येतो.

एअरबॅगच्या झाकणाचं काम आम्ही घेत नाही. त्याची फाटण्याची रेष ठरावीक जाडीची असते आणि द्रावणानं किंवा घासण्यानं तिच्यात काय बदललं हे वरून पाहून कळत नाही.