आहे घरी

गुरुवारी दुपारी ऑफिसमधून पाय मोकळे करायला निघाले आणि नेहमीसारखी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसले. डावीकडचा चौथा बाक, खांबाच्या अलीकडचा. ही जागा काही भक्तिभावाने निवडलेली नाही, तिच्या बरोब्बर वर पंखा आहे. देवाजवळ बसावं की पंख्याखाली, हा प्रश्न मे महिन्यातल्या मुंबईत ज्याला पडत नाही तो एकतर संत असावा, नाहीतर त्याच्या ऑफिसचा एसी चालू असावा.

क्रुसाची खूण केली, टॅबरनॅकलकडे, म्हणजे पवित्र भाकरी ठेवतात त्या छोट्या कपाटाकडे पाहिलं आणि तिथेच अडकले. शेजारचा लाल दिवा लुकलुकत होता. ज्योत म्हटली की लुकलुकणारच, पण ही जरा जास्तच शिस्तीत लुकलुकत होती. तीनदा बारीक, एकदा मोठी, मग जरा दम. पुन्हा तीनदा बारीक. मोजत बसले. पाचव्या फेरीला खात्री पटली. लाल काच तीच, पितळी साखळ्या त्याच, आत मात्र गणपतीच्या मखरात लावतात तसली एलईडीची ज्योत बसवली होती.

अर्धा तास प्रार्थनेला म्हणून आले होते, तो सगळा दिव्यावर रुसण्यात गेला. पवित्र साक्रामेंतापाशी, म्हणजे ख्रिस्त जिच्यात हजर असतो असं आम्ही मानतो त्या भाकरीपाशी, दिवा अखंड तेवता हवा आणि तो तेलाचा किंवा मेणाचा असावा, असं मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, नियमावलीत लिहिलंय. हे मला पाठ आहे. जे पाठ असायला हवं ते नाही. नायसिन क्रीड, म्हणजे आमची श्रद्धेची कबुली, सगळ्यांबरोबर म्हणताना मी अजून मध्येच नुसते ओठ हलवते.

राग खरं तर माझा नव्हे, आजीचा. दिव्याची सवय तिची.

आजी पहाटेच्या गाडीने, लगेजच्या डब्यातून, भाजीची पाटी घेऊन वसईहून दादरला यायची. सुट्टीत मलाही आणायची. मदतीला म्हणून, म्हणजे पाटीपाशी बसून पेंगायला. जपमाळ, पाच रहस्यांची म्हणजे पाच टप्प्यांची, गाडीतच उरकायची. भाईंदरच्या खाडीवर दुसरं रहस्य, बोरिवलीला पाचवं. माल संपला की लाल लुगड्याचा पदर झटकायची आणि आम्ही गोखले रोडवरच्या पोर्तुगीज चर्चला जायचो. त्याचं खरं नाव आवर लेडी ऑफ साल्व्हेशन, पण बेस्टच्या कंडक्टरपासून सगळ्यांना ते पोर्तुगीज चर्चच. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात बांधलेली इमारत तेव्हा नवीनच म्हणायची. वर काँक्रीटच्या निमुळत्या टोप्या, मध्ये उघडी अंगणं. आजी गावच्या चर्चमधल्या लाकडी, सोनेरी वेदीला सरावलेली. तिने एकदा मान वर करून ते छत नीट बघून घेतलं आणि निकाल दिला, "हवा बरी येते." कोरियांच्या कानावर गेलं असतं तर ते खूश झाले असते असं मला आता वाटतं. आपल्याकडच्या उकाड्यात इमारतीतून वारा खेळवण्यासाठीच तर त्यांचा एवढा खटाटोप होता.

आत पाऊल टाकण्याआधी ती दारात थांबायची आणि डोळे बारीक करून लाल दिवा शोधायची. दिसला की स्वतःशीच म्हणायची, "आहे घरी." शेजारणीकडे जाताना दाराला कुलूप नाही ना बघतात, तसं. (ती बोलायची कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत. मी शहरी मराठीत लिहिते तेव्हा तिचे शब्द इस्त्री केल्यासारखे दिसतात, त्याला इलाज नाही.)

मग रिकामी पाटी बाकावर ठेवायची, पाटीच्या अलीकडे ती, पलीकडे मी. आणि पहिलं काम काय, तर कनवटीची पुरचुंडी सोडून पैसे मोजायचे. चार आण्यांची चळत वेगळी, आठ आण्यांची वेगळी. मी लाजेने अर्धी होऊन विचारलं होतं, "आजी, चर्चमध्ये?"

"मग कुठे? स्टेशनवर मोजू?"

हिशेब जुळला की गाठ मारायची. पाटीत सोनचाफ्याची दोन-चार फुलं उरलेली असली तर ती मारियेसमोर, येशूच्या आईसमोर, ठेवून यायची. उरलेली का देतेस, असंही मी विचारलं होतं. मोठी आगाऊ होते.

"सुताराचं घर तिचं," आजी म्हणाली. "धंदा तिला कळतो."

यानंतर ती बसायची. हात मांडीवर, ओठ बंद. दहा मिनिटं, कधी वीस. बाहेर बसचे ब्रेक किंचाळायचे, कुणीतरी टॅक्सीवाल्याशी भांडायचं, ती ढिम्म. मला भूक लागलेली असायची.

फ्रान्समधल्या आर्स गावची एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जॉन मेरी व्हियानी नावाचे धर्मगुरू होते. एक शेतकरी रोज चर्चमध्ये येऊन नुसता बसायचा. काय करतोस विचारल्यावर तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. ही गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याकडे रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर, संपत नाही. मी निदान आठ वेळा ऐकली असेल, आठही वेळा भारावून गेले. पण मीही एकदा आजीला विचारलं होतं, इतका वेळ काय बघतेस म्हणून. ती म्हणाली, "बघतेय कुठे? पाय दुखतात."

बाक स्टेशनवरही होते, हे मला फार उशिरा सुचलं.

तिच्याकडून मला बसणं तेवढं मिळालं, धीर नाही. गर्दीतली भक्ती मला झेपत नाही. बुधवारी माहीमला सेंट मायकलमध्ये 1948 पासून नोव्हेनाची प्रार्थना चालते, सगळी मुंबई तिथे लोटते, सगळ्या धर्मांची. मी आपली तिथे कधीमधी जाते ती गुरुवारी. आदल्या दिवशीच्या मेणाचा वास तेवढा उरलेला असतो, आणि एखादा डिलिव्हरी बॉय हेल्मेट मांडीवर घेऊन मागच्या बाकावर गाढ झोपलेला असतो. तो झोपलेला असला की मलाही बरं बसता येतं.

2020मध्ये मार्चपासून चर्चची दारं बंद झाली. मिस्सा यूट्यूबवर. मी ओट्याशी उभी राहून बघायची, कुकरची शिट्टी नेमकी प्रवचनात व्हायची. तक्रार नाही, फादर बिचारे रिकाम्या बाकांपुढे बोलत होते. पण मोबाइलच्या पडद्यावर नुसतं बसून राहता येत नाही, मिस्सा संपली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. बाजारहाटाला बाहेर पडले की चर्चवरून वाकडी वाट करायची आणि फाटकाच्या गजांतून आत बघायची. दार बंद, दिवा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बघायची. दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा दारातलं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं होतं आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली. दिवा होता. त्या दिवशी मी बराच वेळ रडले. कशासाठी ते अजून नीट सांगता येत नाही.

वर्षातून एकदाच दिवा नसतो. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची मिस्सा झाली की साक्रामेंत मिरवत दुसरीकडे नेतात, वेदीवरची वस्त्रं काढतात, टॅबरनॅकलचं दार सताड उघडं टाकतात आणि दिवा मालवतात. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आजी दारातून बघायची आणि "आज नाही" म्हणायची. दादरला त्या दिवशी आम्ही नसायचोच, ही गोष्ट गावच्या चर्चमधली. ती आत यायची, पण बसायची नाही. क्रुसाच्या वाटेची, येशूच्या शेवटच्या प्रवासाची, चौदाच्या चौदा ठाणी उभ्याने करायची, आणि त्या दिवशी पाय दुखल्याचं मी कधी ऐकलं नाही. तेलाचा दिवा विझला की वात थोडा वेळ धुमसते. लहानपणी गुरुवारी रात्री मी त्या धुराच्या रेषेकडे बघत राहायची, ती तुटली की चर्च एकदम मोठं आणि परकं वाटायचं. एलईडीचं काय करणार? पिन काढणार.

तर परवा शेवटी मी धीर करून सॅक्रिस्टनला, चर्चची देखभाल करणाऱ्याला, गाठलं. तो पुढच्या बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत होता.

"मॅडम, तेल संपतं," तो म्हणाला. "पंख्याचा वारा लागतो. रात्री विझला की सकाळी फादर मला बोलतात. हा विझत नाही ना."

"अहो, पण विझू शकतो म्हणूनच तर..." मी म्हणाले. पुढचं वाक्य माझ्याकडे तयार आहे असं मला वाटत होतं. ते आलंच नाही. तो पुस्तकं छातीशी धरून थांबला. त्याला खरंच ऐकायचं होतं.

मग तोच म्हणाला, "असं करा. तुम्ही रोज दुपारी येताच. तेल तुम्ही घालत जा. शनिवार-रविवार मी बघतो. आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा लागेल."

बघते, म्हटलं.

काल मी खांबाच्या पलीकडे बसले. तिथून दिवा दिसत नाही. पंखाही नाही.