अमर पलटण आणि लुब्यांकाचा दगड

मॉस्कोच्या लुब्यांका चौकात एक मोठा दगड आहे, उत्तर रशियातल्या सोलोव्हेत्स्की बेटांवरून आणलेला, जिथे सोव्हिएत काळातल्या सुरुवातीच्या कैद्यांच्या छावण्या होत्या. 1990 ला तो तिथे बसवला, आणि जवळच जुन्या केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, आताच्या एफएसबीची बिल्डिंग. 2007 पासून दर 29 ऑक्टोबरला तिथे लोक रांग लावायचे, सकाळी 10 ते रात्री 10. हातात मेणबत्ती, माइकसमोर जायचं आणि स्टालिनच्या काळात गोळ्या घातलेल्यांपैकी दोन-तीन नावं वाचायची. नाव, वय, काय काम करायचा, कधी मारलं. बास. भाषण नाही, घोषणा नाही.

मी याचे व्हिडिओ बघत बसते तेव्हा उठवत नाही. सुतार, अकाउंटंट, वॉचमन, अशी साधी माणसं. एका बाईने कागदावरची नावं एकदम सरळ आवाजात वाचली आणि मग म्हणाली, "आणि माझे आजोबा", आणि पुढे आवाजच फुटेना, तर मागचे सगळे तसेच थांबून राहिले, कोणी घाई केली नाही, थंडीत तासन् तास उभे असलेले लोक होते ते.

म्हणून कोणी म्हटलं ना, की रशियन लोकांना एकमेकांचं काही पडलेलं नाही, तर मला ते अजिबात पटत नाही.

दुसरं उदाहरण बघा. 2012 ला सायबेरियातल्या तोम्स्क शहरात काही स्थानिक पत्रकारांनी 9 मे ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाच्या दिवशी, 'अमर पलटण' नावाची मिरवणूक काढली. युद्धात लढलेल्या आजोबा-आजीचा फोटो हातात धरून चालायचं, पक्षाचा झेंडा नाही, कंपनीचा लोगो नाही. तीन वर्षांत ते देशभर पसरलं, 2015 ला मॉस्कोत पुतिन स्वतः वडिलांचा फोटो घेऊन चालले, आणि हळूहळू तो सरकारी कार्यक्रम झाला. 2023 ला सुरक्षेचं कारण देऊन मिरवणुका रद्द केल्या आणि लोकांना सांगितलं की फोटो गाडीच्या काचेवर लावा.

दगडापाशी मात्र उलटं झालं. 2020 ला कोव्हिडचं कारण देऊन तिथे नावं वाचायला परवानगी नाकारली, ती पुढे मिळालीच नाही. हे सगळं भरवणारी मेमोरियल संस्था 2021 च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने बंद केली. आणि वर्षही झालं नव्हतं तर नोव्हेंबर 2022 मध्ये 'पारंपरिक मूल्यां'चा सरकारी फतवा निघाला, त्यातल्या यादीत दया आहे, परस्पर मदत आहे, आणि ऐतिहासिक स्मृतीसुद्धा आहे! मला याचा खरंच राग येतो. कारण ज्या दोन गोष्टी लोकांनी स्वतःहून जुळवल्या होत्या त्यातली एक सरकारने स्वतःची करून टाकली, दुसरी बंद पाडली, आणि मग एकी कशी असावी ते कागदावर लिहून दिलं. कित्येक घरांत तर एक आजोबा युद्धात गेलेले आणि दुसरे 1937 ला रात्री उचलून नेलेले, त्या घराने फोटो कोणाचा धरायचा?

पण लोक अजून येतात. 29 ऑक्टोबरला दगडापाशी एकेकटे येऊन फुलं ठेवून जातात. जानेवारी 2023 मध्ये युक्रेनमधल्या द्निप्रोत क्षेपणास्त्र बिल्डिंगवर पडून माणसं मेली, तेव्हा मॉस्कोत लेस्या उक्राइन्का या युक्रेनियन कवयित्रीच्या पुतळ्यापाशी फुलं साचायला लागली, काही जणांना पोलिसांनी धरून नेलं, तरी परत कोणीतरी येऊन फुलं ठेवून गेलं.